विश्लेषण : गाडलेल्याला वाचवण्यासाठी हाती फक्त दहा मिनिटे... बॅककंट्री स्कीइंगमध्ये हिमस्खलन-सुरक्षा कशी शिकतात?

काश्मीरमधील गुलमर्गजवळ अफरवत पर्वताच्या हापतखुद भागात १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, गुलमर्ग परिसरातच एका रशियन स्कीपटूने जीव गमावला. दोन्ही वेळा इतरांना वाचवण्यात यश आले. हे अपघात नेहमीच्या आखलेल्या उतारांबाहेर, म्हणजे ‘बॅककंट्री’त झाले. तिथे उतरण्यासाठी उत्तम स्कीइंग येणे पुरेसे का नाही?

बॅककंट्री म्हणजे काय?

स्की रिसॉर्टमधील उतार यंत्राने सारखे केलेले असतात. धोकादायक बर्फ आधीच पाडला जातो आणि बचाव पथक जवळ असते. बॅककंट्रीत यातले काहीच नसते. अनेक ठिकाणी तिथे पोहोचण्यासाठी तासन् तास चढावे लागते. गुलमर्गमध्ये मात्र गंडोलाचा दुसरा टप्पा थेट सुमारे १३ हजार फुटांवर नेऊन सोडतो. मुख्य उतारावर स्की पेट्रोलचे लक्ष असते, पण थोडे बाजूला सरकले की सगळी जबाबदारी आपली आणि सोबत्यांची.

हिमस्खलन कसे होते?

बर्फ थराथराने साचतो. काही थर साखरेच्या दाण्यांसारखे सुटे राहतात. त्यावर वाऱ्याने किंवा नव्या हिमवृष्टीने घट्ट थर बसला की साखरेवर फरशी ठेवल्यासारखी स्थिती होते. स्कीपटूच्या वजनाने खालचा थर ढासळतो आणि वरची ‘फरशी’ तुटून घसरते. यालाच ‘स्लॅब’ हिमस्खलन म्हणतात. जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ९० टक्के प्रसंगांत हिमस्खलन अडकलेल्या व्यक्तीमुळे किंवा तिच्याच गटातील कोणामुळे सुरू झालेले असते, असे या क्षेत्रात मानले जाते. म्हणजेच बरेच अपघात टाळता येण्याजोगे असतात.

धोका आधी ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. बहुतेक स्लॅब हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्यामुळे उताराचा कोन मोजणे हा पहिला धडा असतो. आपण सपाटीवर असलो तरी वर तीव्र उतार असेल तर धोका कायम राहतो. जवळपास नुकतेच झालेले हिमस्खलन, पायाखालून आलेला ‘धप्प’ असा आवाज आणि बर्फात धावत जाणाऱ्या भेगा दिसल्या, की तो उतार सोडायचा. भरपूर नवा बर्फ, जोराचा वारा आणि अचानक वाढलेले तापमान याही धोक्याच्या खुणा आहेत.

भारतात ‘डीआरडीओ’ची चंडीगडमधील ‘डीजीआरई’ ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. मात्र जिल्ह्यासाठीचा इशारा समोरचा विशिष्ट उतार सुरक्षित आहे की नाही, हे सांगत नाही. तो निर्णय जागेवर घ्यावा लागतो.

दहा मिनिटांचे गणित काय?

स्वित्झर्लंडमधील अपघातांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढल्यास ९० टक्क्यांहून अधिक जण वाचतात. त्यानंतर श्वास कोंडल्याने ही शक्यता झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरचे पथक क्वचितच पोहोचते. त्यामुळे खरे बचाव पथक म्हणजे सोबतचे मित्रच.

बचाव कसा करतात?

प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे हवेच. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवतो. अपघातानंतर वर राहिलेले सगळे आपले उपकरण ‘शोध’ स्थितीत नेतात आणि पडद्यावरचा बाण व कमी होत जाणारा आकडा पाहत पुढे सरकतात. आकडा सर्वांत कमी येतो तिथून सुमारे २५ सेंटिमीटर अंतराने, गोलाकार पद्धतीने प्रोब खुपसतात. व्यक्ती लागली की प्रोब तिथेच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने खणतात. थांबलेला बर्फ इतका घट्ट होतो की हाताने खणणे जवळपास अशक्य असते.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मोबाइलमुळे ट्रान्सीव्हरच्या संदेशात अडथळा येतो. म्हणून संदेश पाठवताना फोन किमान २०, तर शोधताना किमान ५० सेंटिमीटर दूर ठेवण्याचा नियम आहे. एअरबॅगमुळे बर्फाच्या वर राहण्याची शक्यता वाढते, पण ती हमी नव्हे.

प्रशिक्षण कुठे मिळते?

अमेरिकेतील ‘एआयएआरई’च्या पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम तीन दिवसांचा असतो, तर बचावाचा एक दिवसाचा वेगळा वर्ग असतो. कॅनडातही टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत. भारतात गुलमर्गमधील ‘आयआयएसएम’ आणि मनालीतील अटलबिहारी वाजपेयी संस्था स्कीइंग शिकवतात. महाराष्ट्रातून प्रवेश घेणाऱ्यांनी ट्रान्सीव्हरने शोध घेण्याचा प्रत्यक्ष सराव अभ्यासक्रमात आहे का, हे आधी विचारावे. बॅककंट्रीत जायचे असेल तर जाणकार स्थानिक गाइड घ्यावा.

सर्वांत अवघड धडा कोणता?

माघार घेणे. दूरवरून आलेलो, सुट्टी संपत आलेली, समोर कोऱ्या बर्फाचा उतार आणि त्यावर आधीच कोणीतरी उतरल्याच्या खुणा, अशा वेळी जाणकारही चुकतात. आधीच्या खुणा म्हणजे सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. तोच उतार पाचव्या किंवा दहाव्या माणसाखाली तुटू शकतो. म्हणून एक एक करून उतरायचे, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची आणि गटातील एकानेही ‘नको’ म्हटले तर सर्वांनी परतायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवले जाते.