नवे कर नाहीत, लिहून घ्या!

अमेरिकेत हे आश्वासन नुसतं तोंडी चालत नाही. छापील कागदावर, साक्षीदारांसमोर सही लागते. ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांची ‘अमेरिकन्स फॉर टॅक्स रिफॉर्म’ ही संस्था १९८६पासून उमेदवारांपुढे तो कागद धरते आहे. मुदत? पद असेपर्यंत. अध्यक्षपदाचे उमेदवार थोरले जॉर्ज बुश यांनी १९८८च्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात ‘माझे ओठ बघा, नवे कर नाहीत’ म्हणत टाळ्या घेतल्या. १९९०मध्ये, अध्यक्ष असताना, तूट भागवताना आयकराचा वरचा दर २८वरून ३१ टक्के झाला आणि १९९२च्या प्रचारात तेच वाक्य त्यांच्या अंगाशी आलं. २०११मध्ये आयोवातल्या वादसभेत विचारलं गेलं: दहा डॉलर खर्चकपात, बदल्यात एक डॉलर करवाढ, हा सौदा कोण नाकारेल? (असा भाव मंडईतही मिळत नाही.) मंचावरच्या अध्यक्षपदाच्या आठही रिपब्लिकन इच्छुकांनी हात वर केले.