सवडीचे कलकत्ता

गंगासागराला, दार्जिलिंगला किंवा आसामकडे निघालेल्या मराठी प्रवाशाच्या वाट्याला कलकत्ता येते, ते बहुधा दोन गाड्यांच्या मधले शहर म्हणून. हाताशी एक-दीड दिवस असतो. मग मोटार ठरवायची, दक्षिणेश्वर, बेलूर, कालीघाट, व्हिक्टोरिया मेमोरियल अशी यादी सकाळी हातात घ्यायची आणि दिवेलागणीपर्यंत ती संपवायची, हा परिपाठ. रात्री आठवू गेले तर कोणते देऊळ नदीच्या कोणत्या काठावर होते, याचाच घोळ होतो. आमचे म्हणणे एवढेच की, वेळ थोडा असेल तर यादी त्याहूनही थोडी असावी. दीड दिवसातही सवड काढता येते; यादीतली नावे मात्र निर्दयपणे खोडावी लागतात.

कलकत्त्यात यादी सोडून नदी धरावी. हुगळीच्या पूर्व काठावर सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर अशी तीन गावे होती. त्यांचे हे शहर झाले. १६९० साली जॉब चार्नॉक सुतानुटीला उतरला, म्हणून पुष्कळ वर्षे त्यालाच शहराचा संस्थापक मानीत. २००३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ही समजूत अमान्य केली. नागपूरकडून येणारी गाडी पश्चिम काठावर, हावड्याला थांबते. सामान तेथेच ठेवावे आणि स्टेशनाजवळच्या धक्क्यावरून बागबाजारची लाँच धरावी. २०२४ पासून नदीच्या तळाखालून मेट्रोही धावते आणि पाऊण मिनिटात पैलतीर गाठते. घाईच्या माणसाची ती मोठीच सोय आहे. लाँच मात्र आपल्याला हावड्याच्या पुलाखालून नेते. १९४३ साली खुला झालेला हा पूल वरून जाताना नुसती गर्दी वाटतो. खालून पाहिला म्हणजे एवढ्या अवाढव्य लोखंडाला नदीच्या पात्रात एकही खांब नाही, हे ध्यानात येते. उजव्या हाताला घाटामागून घाट सरकत जातात आणि त्यांवर स्नान, तालीम, पूजा, कपडे वाळत घालणे असे सर्व व्यवहार एकदमच चाललेले असतात.

बागबाजारला उतरून थोडे दक्षिणेला चालले की कुमारटुली लागते. दुर्गेच्या मूर्ती घडविणाऱ्यांची ही वस्ती. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा, त्यावर माती. शिर निराळे करून मागाहून बसवितात. पेंढ्याच्या बिनशिराच्या देवी ओळीने उभ्या असतात, ते दृश्य आपल्या गणपतीच्या कारखान्यांत दिसत नाही. गल्ल्या अरुंद आहेत, तेव्हा वाट अडवून उभे राहू नये.

आता मराठी माणसाने मुद्दाम जावे असे एक ठिकाण, जे डोळ्यांना दिसतच नाही. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर, म्हणजे बंगाल्यांचे भास्कर पंडित, बंगालवर चालून गेले. त्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता; सुमारे तीन मैल झाला आणि काम थांबले, कारण मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून बऱ्याच भागात त्याच्याच मार्गाने सर्क्युलर रोड झाला. त्या रस्त्याच्या भागांना आज आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र यांची नावे आहेत. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्लीही आहे. मोटारीतून हे कळणे शक्य नाही. पायी जाताना पाटी वाचली म्हणजे माणूस थबकतो.

आपल्या बखरींत आणि शालेय पुस्तकांत ही स्वारी चौथाईच्या हिशेबात येते: १७५१ चा तह, सालीना बारा लाख. बंगालच्या आठवणीत ती गावे जाळणारी धाड आहे. सरकारी घोड्यावर बसणारा आपला साधा ‘बारगीर’ तेथे ‘बर्गी’ झाला आणि मुलाला निजविण्याच्या गाण्यात जाऊन बसला. गंगाराम नावाच्या त्या काळच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले आहे. त्यातील अत्याचारांची वर्णने मराठी माणसाला खाली मान घालून वाचावी लागतात. कोणी बंगाली गृहस्थाने हसत हसत हा विषय काढला तर वाद घालू नये, ऐकून घ्यावे. आणि मग, वाटल्यास, सखाराम गणेश देउस्करांची गोष्ट काढावी. हा मराठी कुळातला माणूस देवघर भागात वाढला आणि बंगालीत लिहू लागला. १९०४ साली त्याचे ‘देशेर कथा’ निघाले; इंग्रजी राज्याने देश कसा नागवला याचा तो हिशेब होता. स्वदेशीच्या चळवळीत बंगालने ते डोक्यावर घेतले आणि सरकारने १९१० साली जप्त केले. शिवाजी उत्सव बंगालात रुजविण्याच्या खटपटीतही देउस्करच होते. रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ ही कविता त्याच काळातली. ज्या प्रांतात मराठ्यांच्या नावाने मुले घाबरत, तेथे दीडशे वर्षांनी हे घडले.

खंदकाच्या वाटेने सियालदापर्यंत आले की कॉलेज स्ट्रीट जवळच आहे. जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांवर ‘देशेर कथा’ विचारून पाहावे. मिळाले नाही तरी चार माणसे बोलू लागतात, आणि मग वरच्या मजल्यावरच्या कॉफी हाउसात एका पेल्यावर दोन तास बसले तरी कोणी उठवीत नाही. ट्रामची भिस्त मात्र ठेवू नये. मुंबईची ट्राम १९६४ साली गेली. येथली तिच्यानंतर कितीतरी वर्षे टिकली, पण तिचे मार्ग एकेक करून आटत गेले. आणि कॉलेज स्ट्रीटसाठी रविवार टाळावा. त्या दिवशी बरीच दुकाने बंद असतात.