उमेदवाराला विचारायचा जमाखर्च

डिसेंबर 2020 मध्ये हैदराबाद, फेब्रुवारी 2021 मध्ये बडोदे, मार्चमध्ये पणजी, सप्टेंबरमध्ये बेळगाव आणि जुलै 2022 मध्ये इंदूर व ग्वाल्हेर. आपली घराणी ज्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांपैकी इतक्या शहरांनी सुमारे दीड वर्षाच्या अवधीत आपापले नगरसेवक निवडले. त्याच सुमारास, 2020-21 या वर्षी, टाळेबंदीमुळे देशाची अर्थव्यवस्था वाढायची सोडून आकसली होती. मते मागायला आलेल्यांनी रस्ते, पाणी, सवलती यांविषयी पुष्कळ सांगितले. पैसा कोठून येणार, हा प्रश्न आपणही फारसा विचारला नाही.

तो विचारायचा तर महापालिकेची तिजोरी कशी भरते हे आधी पाहावे लागेल. एके काळी जकात हा तिचा मुख्य झरा होता. नाक्यावर माल आला की रोकड हाती पडे. मध्य प्रदेशात जकात 1976 साली गेली, गुजरातेत 2007 साली. तिच्या जागी आले राज्य सरकारचे अनुदान, ज्याला इंदूरकर ‘चुंगी क्षतिपूर्ती’ म्हणून ओळखतात. फरक लहान नाही. जकात ही स्वतःची कमाई होती. अनुदान म्हणजे थोरल्या भावाने महिन्याला पाठवायचे पैसे. मंदीत थोरल्याचाच हात आखडतो, आणि कधी कधी त्या रकमेतून वीजबिलाची थकबाकी परस्पर वळती होते.

उरली घरपट्टी. तिची मागणी मंदीमुळे कमी होत नाही, कारण ती आपल्या मिळकतीवर नसून घरावर असते. पण मागणी वेगळी आणि वसुली वेगळी. दुकान बंद पडलेला माणूस आधी किराणा भरतो, मुलांची फी भरतो, घरपट्टी शेवटी. बांधकाम परवान्यांचे शुल्क तर सर्वांत आधी आटते, कारण मंदीत इमारतींची कामे पुढे ढकलली जातात.

खर्चाची बाजू मात्र हलत नाही. पगार, निवृत्तिवेतन, दिवाबत्ती, कचरागाड्यांचे डिझेल आणि पाणी. इंदूरचेच पाहा. 1978 पासून या शहरात नर्मदा येते, पण ती उताराने येत नाही. सुमारे 70 किलोमीटरवरच्या जालूदहून ती पंपांनी विंध्याच्या माथ्यावर चढवावी लागते. पंप रात्रंदिवस चालतात आणि विजेचे बिल दरमहा कोटींच्या घरात जाते. मंदी आहे म्हणून पंप बंद ठेवता येत नाहीत. म्हणजे नगरसेवकाच्या हाती कात्री येते ती उरलेल्या थोड्या कापडावर: नवी बांधकामे, दुरुस्ती, देखभाल. यांतली देखभाल कापणे सर्वांत सोपे, कारण न झालेली गटारदुरुस्ती त्या वर्षी कोणाला दिसत नाही. ती दोन पावसाळ्यांनंतर दिसते.

आता हैदराबादची निवडणूक आठवा. मतदानाच्या तोंडावर, नोव्हेंबर 2020 मध्ये, राज्य सरकारने 15 हजार रुपयांपर्यंत घरपट्टी असलेल्या घरांना त्या वर्षापुरती निम्मी सूट जाहीर केली. शिवाय तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने दरमहा 20 हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याचे वचन दिले. टाळेबंदीने आणि पुराने पोळलेल्या कुटुंबांना दिलासा हवा होता, यात वाद नाही. पण तेथे पाणी महापालिका पुरवतच नाही. त्यासाठी राज्याच्या अखत्यारीतले वेगळे जलमंडळ आहे. जे नगरसेवकाच्या खात्यावर नाही, त्यावर नगरसेवकाची मते मागितली गेली. आणि जी घरपट्टी त्याच्या खात्यावर आहे, तीच अर्धी झाली. याच महापालिकेने 2018 साली 8.90 टक्के व्याजाने 200 कोटींचे रोखे काढले होते. सवलतीच्या वर्षीही व्याज चुकत नाही.

इंदूरची गोष्ट उलटी. तेथील परिषदेची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली आणि पुढची दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. मंदीची सगळी वर्षे निवडून आलेल्या माणसांवाचून गेली. 2021 साली पाणीपट्टी व इतर दर वाढवण्याचा निर्णय झाला, ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. अर्ध्या इंची नळाला तेव्हाच्या महिना 200 रुपयांत नर्मदा घाट चढवून आणणे परवडत नव्हते, हे मला पटते. परंतु ते लोकांना समजावून सांगायला वॉर्डात ओळखीचा माणूस लागतो, आणि तोच जागेवर नव्हता.

कर्ज काढणे वाईट, असे आपल्या आजोबांचे मत असे. शहराला ते सरसकट लागू पडत नाही. बडोद्याने मार्च 2022 मध्ये 7.15 टक्क्यांनी 100 कोटींचे रोखे काढले. इंदूरने फेब्रुवारी 2023 मध्ये 8.25 टक्क्यांनी 244 कोटींचे काढले. त्यांत सामान्य गुंतवणूकदारांनाही भाग घेता आला आणि मागणी जवळपास तिप्पट आली. तो पैसा जालूदच्या 60 मेगावॉट सौरप्रकल्पासाठी होता, म्हणजे पंपांचे बिल उतरवण्यासाठी. असे कर्ज मला रास्त वाटते. पगार भागवायला काढलेले मुळीच वाटत नाही. तेव्हा ‘कर्ज काढणार का’ याहून ‘कशासाठी आणि कोणत्या बचतीतून फेडणार’ हा प्रश्न कामाचा.

अंदाजपत्रकात बहुधा तीन रकाने असतात: गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचे सुधारित, पुढल्या वर्षाचे अंदाजित. वर्तमानपत्रांत मथळा होतो तो तिसऱ्याचा. बडोद्याला लागू असलेल्या 1949 च्या मूळ मुंबई कायद्यानुसार वर्षअखेर शिल्लक दाखवावीच लागते. मग खर्च वाढला की अंदाजित उत्पन्नही कागदावर फुगते. म्हणून आपण पहिला रकाना आधी वाचावा आणि तिसऱ्याशी ताडून पाहावा. घरपट्टीच्या ओळीत प्रत्यक्षाहून अंदाज दीडपट दिसला, तर ती वाढ कोणत्या कामाच्या नावावर आधीच खर्ची टाकली आहे, ते उमेदवाराला विचारता येते. इंदुरात तर जालूदचे गेल्या वर्षीचे वीजबिल किती झाले, एवढ्यापासूनही सुरुवात करता येईल.