अमेरिका नावाचा अभ्यास

लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात अमेरिका म्हणजे कॉम्प्युटर आणि डॉलर. तिथल्या कॉलेजांत ‘अमेरिकन स्टडीज’ घेऊन पदवी मिळते, त्यात इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, राजकारण एकत्र शिकवतात, असं सांगितलं की पालक विचारतात, ‘पुढं नोकरी कसली?’ कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी हयात गेली. मला हा प्रश्न गैर वाटत नाही. हप्ते कुणाला चुकलेत?

पण ही वाट मराठीला जुनीच आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढं देशभर हिंडल्या. १८८९ मध्ये त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ आलं. राज्यकारभार, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ, व्यापार, स्त्रियांची स्थिती, सगळं एकाच पुस्तकात! कौतुक भरपूर (मला तर जरा जास्तच वाटतं), तरी काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक त्यांनी झाकली नाही.

हा अभ्यास कशासाठी, हे रमाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. त्याचा दहा वर्षांचा खर्च बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं पत्करला होता.