ताळेबंदातील तरतूद आणि बाजूला ठेवलेला पैसा

१९४९ च्या ऑगस्ट महिन्यात सोलापूरची 'जुनी गिरणी', म्हणजेच सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला आणि त्याला एका भागधारकाने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. चिरंजितलाल चौधरी खटला या नावाने कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. त्या खटल्यात चर्चा झाली ती भागधारकाच्या हक्काची. मागावर वीस-पंचवीस वर्षे उभ्या राहिलेल्या कामगाराला निवृत्तीच्या वेळी काय मिळावे, हे सांगणारा देशव्यापी कायदाच तेव्हा नव्हता. ग्रॅच्युइटीचा कायदा आला १९७२ मध्ये.

पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्याही थंडावल्या. कायदा आल्यानंतरही एक अडचण मात्र कायम आहे. गिरणीने पैसा वेगळा काढलेला नसेल, तर कामगाराचे देणे जमीन आणि यंत्रे विकून काय हाती येते यावर लटकत राहते. हक्क कागदावर पक्का आणि रक्कम मात्र बेभरवशाची, अशी ती स्थिती असते.

हा प्रश्न केवळ गिरण्यांचा आहे असे समजणे चूक ठरेल. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेला टॉवेलचा कारखाना, चादरींचे दुकान, आडतीची पेढी, या सर्वांना तो लागू आहे. एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसे नऊ झाली म्हणून सुटका होत नाही. एकाच छताखाली तीन पाट्या लावून संख्या दहाच्या आत दाखवण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. व्यवहार, हिशेब आणि माणसे एकच असतील तर ती टिकणे कठीण, आणि व्यापारी घराण्याला ती शोभतही नाही.

हिशेबाचे सूत्र सोपे आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरायचा. एखाद्या मुनीमजींची सेवा २४ वर्षे ७ महिने आणि पगार १८,००० रुपये असेल, तर देणे २,५९,६१५ रुपये होते. खरी मेख यानंतर आहे. सूत्रात शेवटचा पगार धरला जातो. दिवाळीला त्याच मुनीमजींना २,००० रुपयांची वाढ दिली की पंचवीसही वर्षांचे देणे नव्या दराने मोजले जाते आणि रक्कम २,८८,४६१ वर जाते. म्हणजे महिन्याला २,००० देण्याचा निर्णय घेताना मालकाने नकळत आणखी २८,८४६ रुपयांचे देणे अंगावर घेतलेले असते. पगारवाढ ठरवताना हा आकडा फार थोड्या पेढ्यांवर मांडला जातो.

कंपन्यांना तो मांडावाच लागतो. लेखा मानक १५ प्रमाणे, आणि मोठ्या कंपन्यांना इंड-एएस १९ प्रमाणे, विमागणितज्ञाकडून भविष्यातील पगारवाढ, गळती आणि व्याजदर धरून आजचे देणे काढून घ्यावे लागते. सरकारी रोख्यांचे व्याज उतरले की हे देणे फुगते, हे अनेक संचालकांना नफा घटल्यावरच उमगते. पन्नासपेक्षा कमी माणसे असलेल्या लहान कंपनीला सोपी वाट आहे: वर्षअखेरीस सर्वांना ग्रॅच्युइटी द्यावी लागली असती तर किती, एवढा हिशेब पुरतो.

परंतु तरतूद म्हणजे पैसा नव्हे. ताळेबंदात देण्याच्या बाजूला दहा लाख दिसतात. प्रत्यक्षात ते दहा लाख सुताच्या गाठींत, उधारीत किंवा नव्या मागांत गुंतलेले असतात. आयकर खातेही या तरतुदीला खर्च मानत नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम ४०अ(७) ने वजावट दोनच बाबींना ठेवली: मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी निधीत देण्याची रक्कम, आणि त्या वर्षी प्रत्यक्ष देय झालेली ग्रॅच्युइटी. रतलामच्या श्री सज्जन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हेच उचलून धरले. नुसती तरतूद करणारा व्यापारी त्या रकमेवर कर भरतो आणि देण्याच्या दिवशी पुन्हा रोख शोधतो.

त्यामुळे निधी वेगळा काढणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मालकाला परत घेता येणार नाही असा न्यास स्थापून, आयकर खात्याची मान्यता घेऊन, तो आयुर्विमा महामंडळाच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेत गुंतवता येतो. वार्षिक भरणा पगाराच्या ८.३३ टक्क्यांपर्यंत करता येतो. सूत्रानुसार चालू वर्षाचा भार ४.८१ टक्केच पडतो, म्हणजे १८,००० च्या पगारावर महिना सुमारे ८६५ रुपये. मागील वर्षांची थकबाकीही याच मर्यादेत, दर वर्षामागे, भरता येते. धर्मादाय खात्यातील रक्कम धंद्यासाठी न वापरण्याची शिस्त जुन्या पेढ्यांना सांगावी लागत नव्हती. न्यासाची शिस्त त्याहून निराळी नाही.

धंदा बुडाला तर या वेगळेपणाची किंमत कळते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार भविष्य निर्वाह, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी निधीतून कामगारांना देय असलेली रक्कम अवसायनाच्या मालमत्तेत धरली जात नाही. बँकेलाही तिच्यावर हात टाकता येत नाही. निधीच नसेल तर हे कवच कशाला लावायचे, यावर न्यायाधिकरणांत वाद झाले आहेत आणि त्यात वर्षे गेली आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. सूत्र तेच राहिले, पण मुदतीच्या करारावरील माणूस आता एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीला पात्र ठरतो आणि एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक भत्ते दाखवल्यास वरची रक्कम वेतनात धरली जाते. ३०,००० पैकी १०,००० मूळ पगार व महागाई भत्ता आणि २०,००० इतर भत्ते अशी रचना असेल, तर ग्रॅच्युइटी १०,००० वर नव्हे, १५,००० वर मोजावी लागेल. येत्या ३१ मार्चपूर्वी प्रत्येक पेढीने नोकरांची रुजू तारीख, सध्याचा पगार आणि आजचे देणे अशी एक यादी सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावी. यादी एका पानात मावते. तिच्या तळाशी येणारी बेरीज आणि चालू खात्यातील शिल्लक शेजारी-शेजारी ठेवून पाहावी.