मोटार विमा : हप्त्याचे गणित आणि परवडणारे संरक्षण

तमिळनाडूतील तंजावूर शहरात नायक राजांनी बांधलेला आणि पुढे मराठे राजांनी वाढविलेला राजवाडा उभा आहे. सरस्वती महाल ग्रंथालय, दरबार महाल आणि कलादालन पाहण्यासाठी येथे देशभरातून अभ्यासक व पर्यटक येतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी येथे मराठी सत्ता स्थापन केली. त्या काळी आणि त्यानंतर येथे आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या शहरात राहतात. राजवाड्याच्या परिसरातील पूर्व, दक्षिण, पश्चिम व उत्तर या चार राजवीथींतून बृहदीश्वर मंदिराच्या रथाची मिरवणूक निघते. एरवी मात्र या रस्त्यांवर मोटारी, रिक्षा, दुचाकी, फेरीवाले, शाळकरी मुले आणि यात्रेकरू यांची एकच दाटी असते. अशा ठिकाणी मोटार बाळगणाऱ्या कुटुंबापुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. विम्याचा हप्ता एवढा का आणि तो कमी कसा करता येईल?

या प्रश्नाचे उत्तर हप्त्याच्या रचनेत दडलेले आहे. विमापत्रावर हप्त्याची एकच रक्कम दिसत असली, तरी तिच्यात दोन निराळे भाग असतात. पहिला भाग रस्त्यावरील अनोळखी माणसाच्या संरक्षणासाठी असून त्याचा दर केंद्र शासन ठरविते. दुसरा भाग स्वतःच्या वाहनासाठी असतो आणि त्याचा दर विमा कंपनी ठरविते. बचतीला वाव आहे तो केवळ दुसऱ्या भागात. हा भेद ध्यानात न घेता केलेली काटकसर बहुधा महागात पडते.

कायद्याची पार्श्वभूमी

मोटार वाहन कायदा, १९३९ मधील सक्तीच्या विम्याच्या तरतुदी १ जुलै १९४६ पासून अमलात आल्या. त्यांच्यामागील विचार साधा होता. अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला न्यायालयाने भरपाई मंजूर केली, तरी ती देण्याची ऐपत वाहनमालकाकडे नसेल, तर त्या निवाड्याला अर्थ उरत नाही. हेच तत्त्व मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ मध्ये कायम ठेवण्यात आले. विम्याविना वाहन चालविल्यास कलम १९६ अन्वये पहिल्या अपराधासाठी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यानंतरच्या अपराधासाठी दंडाची रक्कम ४,००० रुपये आहे.

१९७३ मध्ये सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमा संस्थांचे चार कंपन्यांत एकत्रीकरण करण्यात आले. त्यांपैकी युनायटेड इंडिया या कंपनीचे मुख्यालय चेन्नई येथे आहे. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाला वैधानिक दर्जा मिळाला व खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या विम्याचे दर नियंत्रणमुक्त झाले. त्रयस्थ पक्ष विम्याचे दर मात्र नियंत्रितच राहिले.

त्रयस्थ पक्ष विमा : घासाघीस नसलेला भाग

विमा करारात वाहनमालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा पक्ष आणि अपघातामुळे हानी पोहोचलेली बाहेरची व्यक्ती हा त्रयस्थ पक्ष होय. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या अधिसूचनेनुसार या विम्याचा वार्षिक दर १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी ७,८९७ रुपये असा ठरविण्यात आला. विजेवर चालणाऱ्या मोटारींना १५ टक्के, तर संकरित म्हणजे हायब्रीड मोटारींना साडेसात टक्के सवलत देण्यात आली. हा दर मुंबईत, तंजावुरात आणि कोणत्याही कंपनीकडे सारखाच असतो. त्यामुळे या भागात ‘स्वस्त कंपनी’ शोधणे निरर्थक ठरते.

या अल्प रकमेच्या मोबदल्यात मिळणारे संरक्षण मोठे आहे. त्रयस्थ व्यक्तीचा मृत्यू अथवा शारीरिक इजा यांबाबतच्या भरपाईला या विम्यात कमाल मर्यादा नाही. मृत वा जखमी व्यक्तीचे वय, उत्पन्न आणि तिच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय यांचा विचार करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरविते. याशिवाय १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या कलम १६४ नुसार, चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची भरपाई मागता येते. वाहनाचा विमा नसेल, तर हा सारा भार मालकावर पडतो आणि कलम १७४ अन्वये ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. राजवीथीवरील एखाद्या फेरीवाल्याला धडक बसली, तर विमा नसल्यामुळे त्याचे कुटुंब भरपाईसाठी ताटकळते आणि मालकाचे कुटुंब कर्जात बुडते.

कोइमतूर येथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेकरन यांच्या रस्ता सुरक्षेविषयीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०१८ रोजी महत्त्वाचा आदेश दिला. त्यानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदमच घेणे बंधनकारक झाले. पहिल्या वर्षानंतर विम्याचे नूतनीकरणच न करण्याच्या प्रवृत्तीला आळा घालणे हा त्याचा हेतू होता.

स्वतःच्या वाहनाचा विमा : बदलता भाग

अपघात, चोरी, आग, पूर, वादळ आदींमुळे स्वतःच्या मोटारीचे झालेले नुकसान या भागात भरून मिळते. त्याच्या हप्त्याचा पाया म्हणजे ‘विमित घोषित मूल्य’. वाहनाच्या चालू विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ते काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असे घसाऱ्याचे प्रमाण रूढ आहे. मोटार चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली, तर याच मूल्याच्या आधारे भरपाई मिळते.

हप्ता वाहनाच्या नोंदणीच्या ठिकाणावरही अवलंबून असतो. २००२ च्या मोटार दरपत्रकात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात होती, तर उर्वरित भारत ‘ब’ विभागात होता. तंजावूर अर्थातच ‘ब’ विभागात मोडत असे. पाच वर्षांपर्यंतच्या १,००० ते १,५०० सीसी मोटारीसाठी ‘अ’ विभागात मूल्याच्या ३.२८३ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के असा दर होता. आज कंपन्या स्वतःचे दर लावतात. तथापि हप्त्याची घडण समजून घेण्यासाठी हे दरपत्रक अजूनही उपयुक्त आहे.

एक उदाहरण

समजा, राजवाडा परिसरातील एका कुटुंबाकडे १,२०० सीसीची मोटार आहे. तीन वर्षे पूर्ण होऊन चौथ्या वर्षाचे नूतनीकरण करावयाचे आहे आणि विमित घोषित मूल्य पाच लाख रुपये आहे. वरील दराने स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १५,९५५ रुपये होतो. हीच मोटार मुंबईत नोंदलेली असती, तर तो १६,४१५ रुपये झाला असता. म्हणजे गाव बदलल्याने केवळ ४६० रुपयांचा फरक पडतो.

आता दुसरा घटक पाहू. एका वर्षात दावा न केल्यास पुढील नूतनीकरणात ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, त्यानंतर अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के अशी ही सवलत वाढत जाते. या कुटुंबाने तीन वर्षे दावा केलेला नसेल, तर ३५ टक्क्यांप्रमाणे ५,५८४ रुपये वाचतात आणि हप्ता १०,३७१ रुपयांवर येतो. त्यात त्रयस्थ पक्ष विम्याचे ३,४१६ रुपये आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळविल्यास एकूण रक्कम सुमारे १६,२६९ रुपये होते. बोनस नसता, तर ती सुमारे २२,८५८ रुपये झाली असती. ठिकाणापेक्षा चालकाची सावधगिरी हप्ता कितीतरी अधिक बदलते.

दावा करावा की करू नये?

तिसऱ्या वर्षी अरुंद गल्लीत वळताना याच मोटारीचा बंपर फुटला आणि नवा बंपर ६,००० रुपयांचा आहे, असे मानू. रबर, प्लॅस्टिक व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपयांची अनिवार्य वजावट लागू असते. म्हणजे बंपरच्या किमतीपैकी कंपनीकडून जेमतेम २,००० रुपये मिळतात आणि त्यापायी ५,५८४ रुपयांचा बोनस जातो. पुढील वर्षी सवलतीची शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. लहान दुरुस्ती पदरच्या पैशाने करणे आणि विमा मोठ्या आपत्तीसाठी राखून ठेवणे हेच अशा वेळी हिताचे असते.

हा बोनस वाहनाचा नसून मालकाचा असतो. त्यामुळे जुनी मोटार विकून नवी घेतल्यास तो नव्या मोटारीला लावून घेता येतो. मात्र विम्याची मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास तो बुडतो.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील जोखीम

केवळ त्रयस्थ पक्ष विमा घेतला, तर हप्ता सर्वांत कमी येतो. जुन्या, अल्प किमतीच्या मोटारीसाठी तो पर्याय समर्थनीयही ठरतो. परंतु स्थानिक जोखीम विसरून चालत नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळाने तंजावूर, नागपट्टिनम, तिरुवारूर व पुदुकोट्टै या जिल्ह्यांना तडाखा दिला आणि असंख्य झाडे उन्मळून पडली. मोटारीवर झाड पडल्यास त्रयस्थ पक्ष विम्यातून काहीही मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमाच लागतो. १ सप्टेंबर २०१९ पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा स्वतंत्रपणेही घेता येतो.

डिसेंबर २०१५ मधील चेन्नईच्या पुराने आणखी एक धडा दिला. पाण्यात उभी असलेली मोटार सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिनात पाणी शिरते. असे नुकसान मूळ विम्यात सहसा बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन संरक्षण’ हे जोड-संरक्षण घ्यावे लागते. सखल वस्तीत राहणाऱ्यांसाठी त्याचा जादा हप्ता सार्थकी लागतो, तर उंचवट्यावरच्या घरासाठी तो अनावश्यक ठरू शकतो.

स्वस्त आणि किफायतशीर

हप्ता कमी दाखविण्यासाठी घोषित मूल्य घटविणे ही सर्वाधिक फसवी काटकसर होय. वरील मोटारीचे मूल्य पाचऐवजी चार लाख दाखविल्यास मूळ हप्त्यात ३,१९१ रुपये वाचतात. पण मोटार चोरीस गेल्यास एक लाख रुपयांचा फटका बसतो. ऐच्छिक वजावटीचेही तसेच आहे. जुन्या दरपत्रकात १५,००० रुपयांचा भार स्वतःवर घेतल्यास ३५ टक्के, परंतु कमाल २,५०० रुपयेच सवलत मिळत असे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने प्रमाणित केलेल्या चोरीविरोधी यंत्रणेसाठी त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपये सवलत होती.

मोटार क्वचितच बाहेर काढणाऱ्या कुटुंबांसाठी जुलै २०२२ मध्ये नियामक प्राधिकरणाने वापरानुसार हप्ता आकारणारी जोड-संरक्षणे आणण्यास कंपन्यांना मुभा दिली. एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्रित विम्याचीही सोय त्याच वेळी झाली. कंपन्यांच्या दरांची तुलना करताना घोषित मूल्य, वजावट आणि जोड-संरक्षणे सारखी ठेवली, तरच ती तुलना खरी ठरते. मालक-चालकासाठीचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमाही तपासून घ्यावा; कारण त्रयस्थ पक्ष विम्यात खुद्द मालक-चालकाला संरक्षण नसते. दावा फेटाळला गेल्यास विमा लोकपालाकडे निःशुल्क दाद मागता येते. तमिळनाडूसाठी हे कार्यालय चेन्नईत आहे.

संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालात देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याकडे लक्ष वेधले. या पार्श्वभूमीवर मोटार विमा हा केवळ घरखर्चाचा विषय राहत नाही. तो सामाजिक सुरक्षिततेचा भाग ठरतो. हप्त्याचा बदलता भाग सावध वाहनचालन आणि योग्य निवड यांनी खुशाल कमी करावा. ठरलेला भाग मात्र टाळण्याची बाब नव्हे. कारण तो रस्त्यावरून पायी चालणाऱ्या माणसाच्या नावे भरलेला असतो.