दाव्यात नाव चुकले तर?

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा दोन भावांमध्ये वर्षानुवर्षे चालतो आणि ऐन युक्तिवादाच्या वेळी कळते, की सासरी असलेल्या बहिणीचे नाव दाव्यात नाहीच. तिच्याशिवाय वाटप पक्के होत नाही, कारण तिचाही हिस्सा आहे आणि तिचे म्हणणे न ऐकता झालेला हुकूमनामा तिच्यावर बंधनकारक नाही. मग सगळा दावा वाया गेला का? नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने अशा चुकीवर मोठा उदार उपाय ठेवला आहे.

संहितेतील आदेश १, नियम १० प्रमाणे न्यायालय दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर चुकीचे नाव वगळू शकते आणि राहिलेले नाव सामील करू शकते. तेही अर्ज आला असो वा नसो. मात्र वादी म्हणून कोणालाही त्याच्या संमतीशिवाय उभे करता येत नाही. अर्ज मंजूर झाला की वादपत्रात दुरुस्ती होते आणि नव्या प्रतिवादीला समन्ससोबत दुरुस्त वादपत्राची प्रत जाते. त्याला आपली कैफियत मांडण्याची पूर्ण संधी मिळते.

सामील कोणाला करायचे, याचीही कसोटी आहे. ज्याच्याशिवाय परिणामकारक निकालच देता येत नाही, तो आवश्यक पक्षकार. ज्याच्या असण्याने वादाचा पूर्ण निवाडा होतो, तो योग्य पक्षकार. मुंबईतील एका पेट्रोल पंपाच्या चालकाने महापालिकेच्या नोटिशीविरुद्ध दावा लावला, तेव्हा तेल कंपनीला त्यात यायचे होते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला सामील करण्याचा आदेश रद्द केला. निकालाची झळ लागेल, एवढ्यावर कोणी पक्षकार होत नाही. दाव्यातील मूळ प्रश्नाशी थेट कायदेशीर संबंध हवा.

या उदारपणाला मुदतीची कडक चौकट आहे. नवा पक्षकार ज्या दिवशी सामील होतो, त्याच दिवशी त्याच्यापुरता दावा लागला, असे १९६३ चा मुदतीचा कायदा मानतो; चूक प्रामाणिक असेल, तरच न्यायालय आधीची तारीख धरू शकते. पक्षकार वारला, तर वारसांना रेकॉर्डवर आणण्यासाठी ९० दिवस मिळतात. ते चुकले, तर त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो आणि तो पुन्हा उभा करण्याच्या अर्जाला पुढचे ६० दिवस असतात.

म्हणून दावा लावण्याआधी सातबारा, फेरफार आणि वंशावळ वकिलांसमोर ठेवा, बहिणींची व वारसांची नावे स्वतः ताडून पाहा. एखादे नाव राहिल्याचे लक्षात येताच पुढच्या तारखेची वाट न पाहता अर्ज द्या.